आई-बाबा सहा महिने न्यू जर्सीला, वाटेत लंडन: चार्जर, पिना आणि मिक्सरचं काय करायचं?

कल्याण_स्लो

आई-बाबा पहिल्यांदाच ताईकडे न्यू जर्सीला निघाले आहेत. आधी लंडनला मावशीकडे चार दिवस, मग पुढे नेवार्क (न्यू जर्सीतला विमानतळ). परतणं सहा महिन्यांनी.

सोबत न्यायच्या विजेच्या वस्तू अशा: दोन अँड्रॉइड फोन (एकाचा चार्जर ३३ वॅटचा, दुसऱ्याचा ८० वॅटचा), एक टॅब, बाबांचा जुना लॅपटॉप (तीन गोल पिनांची जाड वायर), कानाच्या मशीनची चार्जिंगची डबी, ट्रिमर, बीपीचं मशीन, आईचा नेब्युलायझर, पाठ शेकायचा इलेक्ट्रिक पॅड, २०,००० एमएएचची पॉवर बँक. शिवाय आईच्या हट्टाखातर ७५० वॅटचा मिक्सर.

दुकानदार म्हणतो, "एक युनिव्हर्सल अडॅप्टर घ्या, जगात कुठेही सगळं चालतं." खरं आहे का? अमेरिकेतल्या ११० व्होल्टवर फोन हळू चार्ज होतो असंही ऐकलंय. इथला एक्स्टेन्शन बोर्ड न्यावा का? पॉवर बँक कोणत्या बॅगेत?

तापकीर_गल्ली

दुकानदार अर्धं खरं बोलतोय. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. भिंतीतून जो व्होल्टेज येतो तोच तसाच पुढे जातो. भारतात २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, लंडनला २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ (११० म्हणायची पद्धत आहे, छापलेलं असतं १२०; हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला आवर्तनं). म्हणजे लंडनला प्रश्न फक्त पिनांचा, न्यू जर्सीत पिना आणि व्होल्टेज दोन्हींचा.

त्यामुळे खरेदीच्या आधी घरी एक काम करा. सगळी उपकरणं टेबलावर मांडा आणि प्रत्येकाच्या चार्जरवरची 'इनपुट' ही ओळ वाचा. अक्षरं फार बारीक असतात, फोनने फोटो काढून मोठा करून बघा. तिथे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर ती वस्तू जगभर चालेल, फक्त पिन लागेल. नुसतं २३० व्होल्ट किंवा २२०-२४० व्होल्ट असेल तर ती लंडनला चालेल, अमेरिकेत नाही.

फोन, टॅब आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक सगळे पहिल्या गटातले. ते आलेला व्होल्टेज आधी डीसी करतात आणि मग आपल्याला हवा तसा बनवतात, त्यामुळे १२० काय आणि २३० काय, बाहेर तेच ५ किंवा ९ व्होल्ट येतात. साधा ३३ वॅटचा चार्जर अमेरिकेतही ३३ वॅटच देतो. हळू चार्ज होण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: चार्जर घरी विसरतात आणि तिथल्या कुठल्यातरी जुन्या यूएसबी पोर्टला लावतात.

गोंधळ असतो तो उष्णता देणाऱ्या आणि मोटर असलेल्या वस्तूंचा. शेकायच्या पॅडमध्ये नुसती तापणारी तार असते. तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२० भागिले २३०, त्याचा वर्ग केला की ०.२७ येतात. म्हणजे १०० वॅटचा पॅड तिथे २७ वॅटचा होईल. जळणार नाही, पण शेकही मिळणार नाही. डासांच्या मशीनचं, इस्त्रीचं, पाणी तापवायच्या किटलीचं तेच. १५०० वॅटची किटली तिथे ४०० वॅटची होते आणि चहाचं पाणी उकळायला जवळजवळ चौपट वेळ घेते. पॅड इथेच ठेवा, तिकडे गरम पाण्याची रबरी पिशवी घ्या.

नेब्युलायझर मात्र काळजीपूर्वक बघा. कॉम्प्रेसरवाला (हवा दाबणाऱ्या पंपाचा) असेल तर आत एसी मोटर असते आणि लेबलवर २३० व्होल्ट ५० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. १२० वर ती मोटर नीट सुरूच होत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. ट्रान्सफॉर्मर लावून २३० केले तरी हर्ट्झ ६०च राहतात, ट्रान्सफॉर्मर ते बदलत नाही, आणि पंपाचा वेग त्यावरच अवलंबून. अमेरिकेत कॉम्प्रेसर घ्यायला सहसा डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, तेव्हा ऐनवेळी दुकानात जाऊन आणू म्हणणं धोक्याचं. इथूनच मेश प्रकारचा (बारीक जाळीतून औषधाचा फवारा करणारा), यूएसबी किंवा साध्या सेलवर चालणारा छोटा नेब्युलायझर घेता येतो. पण आईचं औषध मेशमधून चालतं का, हे आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. सगळी औषधं चालत नाहीत.

बीपीचं मशीन चार पेन्सिल सेलवर चालत असेल तर विषय संपला. ते सेल तिथे कुठेही मिळतात.

सांडगे_मिरची

मिक्सरबद्दल लिहिते, कारण घरोघरी हाच वाद होतो.

७५० वॅटचा भारतीय मिक्सर १२० व्होल्टवर थेट लावला तर पातं कसंबसं फिरतं. ओलं वाटण घातलं की अडतं, आणि अडलेली मोटर तापते. चालवायचाच असेल तर व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो ७५० चा नाही चालत. सुरू होताना आणि खोबरं अडकल्यावर मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून निदान दुप्पट, १५०० व्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता वॅटऐवजी यात मोजतात), आणि खरं तर २००० चा घ्यावा. तो लोखंड-तांब्याचा गोळा असतो, बॅगेतून न्यायची वस्तू नाही. तिथे घेतला तरी ओट्यावर जागा अडवतो. मिक्सरची मोटर कार्बन ब्रशवाली असते, त्यामुळे ६० हर्ट्झचं तिला काही वाटत नाही, प्रश्न फक्त व्होल्टेजचा.

प्रवासी वस्तूंच्या दुकानात "१६०० वॅट कन्व्हर्टर" म्हणून हलकी डबी मिळते, ती यासाठी अजिबात घेऊ नका. ती वीज कापून-कापून व्होल्टेज कमी करते, केस वाळवायच्या यंत्रासारख्या निव्वळ तापणाऱ्या वस्तूंपुरती. आणि बहुतेक डब्या २३० चे ११० करणाऱ्या असतात, आपल्याला हवं ते उलटं.

सोपा मार्ग म्हणजे भारतीय पद्धतीचे ११० व्होल्टचे मिक्सर. न्यू जर्सीत भारतीय दुकानांची कमतरता नाही, एडिसनच्या ओक ट्री रोडवर तर रांगच आहे. ताईकडे असा मिक्सर आधीपासून असण्याची शक्यताही बरीच. आईंना फारच वाटत असेल तर त्यांचं चटणीचं भांडं न्यावं म्हणतील, पण कपलर (भांडं मोटरला जोडणारी चकती) जुळतोच असं नाही. तेही राहू द्या.

जर्सीकर

अमेरिकेच्या भिंतीतल्या गोष्टी सांगतो, ज्या तिथे गेल्यावर वयस्कर माणसांना कोड्यात टाकतात.

पिना दोन चपट्या, टाइप ए. तिसरी गोल अर्थची असली की टाइप बी. भारतीय फोनच्या चार्जरच्या दोन बारीक गोल पिनांसाठी छोटा, चौकोनी, एका तुकड्याचा अडॅप्टर लागतो. शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. तीन-चार घ्या. मोठा फिरकीचा युनिव्हर्सल अडॅप्टर अमेरिकेत विशेष त्रास देतो, कारण चपट्या पिनांची पकड हलकी असते. जड अडॅप्टर, त्यात जड ८० वॅटचा चार्जर, असा मनोरा भिंतीवरून हळूहळू पुढे झुकतो, पिना अर्ध्या बाहेर येतात आणि रात्रभर लावलेला फोन सकाळी १२ टक्क्यांवर. अर्ध्या बाहेर आलेल्या पिना तापतातही. जड चार्जर लावायचाच असेल तर तिथला एक फुटी एक्स्टेन्शन कॉर्ड घ्या, म्हणजे भार जमिनीवर येतो.

सॉकेटला बटण नसतं. पिन घातली की चालू. घालताना बारीक ठिणगी दिसते, चार्जरमधले कपॅसिटर भरताना ती पडते, घाबरू नये.

पण कधीकधी बटण असतं आणि ते दिसत नाही! अनेक घरांत बेडरूममध्ये छताला दिवा नसतो. दाराजवळचं बटण भिंतीतल्या एका सॉकेटला (बरेचदा दोनपैकी एकाच भोकांच्या जोडीला) जोडलेलं असतं, तिथे टेबललॅम्प लावावा म्हणून. झोपताना बटण बंद केलं की दिव्याबरोबर फोनचं चार्जिंगही बंद. पहिल्या दिवशीच ताईला विचारून त्या सॉकेटवर चिकटपट्टी लावा.

बाथरूम आणि स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या मधोमध 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन छोटी बटणं असतात. विजेची गळती जाणवली की ते सॉकेट आपोआप बंद पडतात. ट्रिमर चार्ज होत नसेल तर आधी रीसेट दाबून बघा. एका रीसेटवर पुढचे दोन-तीन सॉकेट जोडलेले असू शकतात, म्हणजे ओट्यावरचा सॉकेट बंद आणि बटण पलीकडच्या कोपऱ्यात, असंही होतं.

कल्याण_स्लो

भारी माहिती! सगळे चार्जर मांडून वाचले. ३३ वॅट, टॅब, लॅपटॉप: सगळ्यांवर १००-२४०. कानाच्या मशीनच्या डबीला यूएसबी वायर आहे, इनपुट ५ व्होल्ट १ अँपिअर. ट्रिमरवर २२०-२४० व्होल्ट. ८० वॅटच्या चार्जरवर मात्र दोन ओळी आहेत, एक १००-१३० व्होल्टची आणि एक २००-२४० ची, आणि पुढचे आकडे वेगळे. हे काय?

नेब्युलायझर कॉम्प्रेसरवालाच निघाला. उद्या डॉक्टरांना विचारतो.

तापकीर_गल्ली

तुमचा ८० वॅटचा चार्जर तिथे पूर्ण ८० देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या ताकदीचे काही फास्ट चार्जर कमी व्होल्टेजवर जाणूनबुजून कमी वॅट देतात, कारण १२० व्होल्टवर तेवढेच वॅट काढायचे तर भिंतीतून दुप्पट करंट ओढावा लागतो आणि एवढ्याशा डबीत उष्णता साठते. १००-१३० व्होल्टच्या ओळीत जे वॅट लिहिलेत तेवढे मिळतील. वीस मिनिटं जास्त लागतील, बिघडणार काही नाही.

मात्र तो चार्जर आणि त्याची जाड वायर दोन्ही न्या. अशा फोनचं फास्ट चार्जिंग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं. ताईचा ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर लावला तरी फोन बरेचदा १०-१८ वॅटवरच घुटमळतो, आणि मग "अमेरिकेची वीज कमी" असा निष्कर्ष निघतो.

ट्रिमर लंडनला चालेल. न्यू जर्सीत एकतर चार्ज होणार नाही किंवा दोन दिवस घेईल. यूएसबीवर चार्ज होणारा घ्या. एकूणच, जी वस्तू यूएसबीवर चालते ती भिंतीच्या भानगडीतून सुटते.

कानाच्या मशीनची डबी कुठल्याही साध्या यूएसबी चार्जरला लावा. फक्त पॉवर बँकेला लावली तर लक्ष ठेवा. खूप कमी करंट ओढणाऱ्या वस्तूला काही पॉवर बँका "कुणी लावलेलंच नाही" असं समजून थोड्या वेळाने बंद होतात.

आता लॅपटॉप. त्याची तीन गोल पिनांची वायर (टाइप डी) लंडनलाही जात नाही आणि अमेरिकेतही नाही. अडॅप्टर शोधण्यापेक्षा वायरच बदला. चार्जरच्या विटेतून (मधल्या जड डबीतून) ती वायर सुटी निघते. विटेकडचं टोक मिकी माऊसच्या तोंडासारखं तीन गोळ्यांचं असेल तर ती सी-५, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं असेल तर सी-७, आणि डेस्कटॉप संगणकाला लागते तशी मोठी असेल तर सी-१३. विटेचं भोक जगभर सारखंच, बदलते ती भिंतीकडची पिन. ताईला सांगा, अमेरिकन पिनेची सी-५ वायर आणून ठेव. मावशीकडे जुन्या लॅपटॉपची वायर असेलच, नाहीतर चार दिवसांसाठी टाइप डी ते टाइप जी (लंडनच्या तीन चौकोनी पिना) अडॅप्टर पुरे.

याचा आणखी एक फायदा म्हणजे अर्थिंग टिकतं. दोन पिनांच्या अडॅप्टरवर लॅपटॉप लावला की पत्र्याच्या अंगाला हात लावताच बारीक झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या फिल्टरमधून अगदी क्षीण करंट अंगापर्यंत येतो आणि अर्थ नसल्याने त्याला जायला वाट नसते. सहसा अपाय नसतो, पण बाबा घाबरून लॅपटॉप बंद करतील.

दुकानात शब्द जपून वापरा. "टाइप सी द्या" म्हटलं की दुकानदार यूएसबीची वायर देतो. पिनांच्या भाषेत टाइप सी म्हणजे दोन गोल बारीक पिना. "इंडियन टू-पिन टू अमेरिका", "इंडियन टू लंडन" असं म्हणा, पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हीच भाषा चालते.

लंडनवारी

लंडनच्या सॉकेटबद्दल: तीन चौकोनी जाड पिना, टाइप जी. खालच्या दोन भोकांवर आतून झडप असते, ती वरच्या लांब अर्थच्या पिनेने उघडते. पेनाचं टोपण वरच्या भोकात खुपसून दोन पिनांचा चार्जर घुसवणारे महाभाग असतात. तसं करू नये. पिना सैल बसतात, आणि ब्रिटिश प्लगमध्ये जो फ्यूज असतो तो टळतो. तिथल्या घरांची वायरिंग ३२ अँपिअरच्या गोल फेऱ्यात असते, छोट्या वायरचं रक्षण प्लगमधला फ्यूजच करतो. अडॅप्टर घेताना त्यात फ्यूज आहे ना ते पाहा.

सॉकेटला बटण असतं, आपल्यासारखंच, खाली म्हणजे चालू. बाथरूममध्ये साधा सॉकेट नसतोच. दाढीच्या यंत्रापुरता दोन पिनांचा छोटा सॉकेट असतो, आत इवलासा ट्रान्सफॉर्मर. टूथब्रश, ट्रिमर एवढंच लावा.

आणि हे विसरू नका: ब्रिटनच्या विमानतळांवर तपासणीत फोन-लॅपटॉप चालू करून दाखवायला सांगू शकतात. चालू झाला नाही तर विमानात नेऊ देत नाहीत. बाबांच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर लंडनहून निघताना अडचण येऊ शकते. निघायच्या आदल्या रात्री सगळं पूर्ण चार्ज करा.

बॅगवजन

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कदापि नाही. नियम वॅट-अवरवर (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्यावर) असतो: १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची मंजुरी, त्यापुढे बंदी. हिशोब: एमएएच गुणिले ३.७ भागिले १०००. तुमची २०,००० ची म्हणजे ७४, चालेल. ३०,००० ची १११ होते, तिथे अडकतात. आकडा छापलेला आणि वाचता येण्यासारखा असावा. पुसला गेला असेल तर तपासणीत काढून ठेवतात.

विमानात वापरण्याचे नियम २०२५ पासून कडक झाले. जानेवारीत दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी विमानतळावर उभं असताना जळलं, त्यानंतर एकेक कंपनी नियम बदलत गेली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून वापर बंद आणि माणशी एकच. तिकीट ज्या कंपनीचं, तिच्या संकेतस्थळावर निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात टाकू नका, सीटच्या पुढच्या खिशात किंवा पायाशी ठेवा.

कोथिंबीरवडी

धागा जरा वळवते. आम्ही मे महिन्यात पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. आमचे सगळे चार्जर दोन पिनांचे, १००-२४० चे. अडॅप्टर लागेल का?

तापकीर_गल्ली

बारीक, ४ मिलिमीटरच्या दोन गोल पिना असतील तर तिन्ही देशांत थेट बसतात. गोची स्वित्झर्लंडमध्ये होते ती जाड गोल अडॅप्टरवाल्यांची: तिथला सॉकेट षटकोनी खोबणीत असतो, जर्मन पद्धतीचा गोल अडॅप्टर आत जातच नाही. चार्जर स्वतःच रुंद असेल तर तोही खोबणीच्या कडेला अडतो. त्यासाठी एक सपाट, बारीक दोन पिनांचा लांबट तुकडा जवळ ठेवा. इटलीत तीन भोकं एका ओळीत दिसली तर कडेच्या दोन भोकांत घाला. मोठ्या अंतराची, जाड भोकं असतील तर तो १६ अँपिअरचा सॉकेट, शेजारचा बघा.

हॉटेलात दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की खोलीची वीज जाते. फिरायला जाताना चार्जिंगला लावलेली पॉवर बँक संध्याकाळी रिकामीच मिळते. छोट्या फ्रिजचा सॉकेट बहुधा चालू राहतो.

कल्याण_स्लो

सर्वांचे आभार. एक राहिलं, एक्स्टेन्शन बोर्ड?

तापकीर_गल्ली

लंडनच्या चार दिवसांसाठी नेलात तर सोयीचा: एक अडॅप्टर, पुढे चार चार्जर. न्यू जर्सीत तोच वापरायचा मोह आवरा. इथला बोर्ड ६ अँपिअरचा. २३० वर तो १३८० वॅट झेपवतो, १२० वर फक्त ७२० वॅट. चार्जरांना हे भरपूर आहे. पण थंडीत कुणीतरी त्यात १५०० वॅटचा रूम हीटर लावणार, तो साडेबारा अँपिअर ओढणार, आणि वायर मऊ पडणार. युनिव्हर्सल अडॅप्टरवरच्या "१० अँपिअर, २५०० वॅट"चंही हेच, तिकडे ते १२०० होतात.

परत येताना उलटा हिशोब करा. तिथली १२० व्होल्टची सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारी) पट्टी इथे २३० वर लावली की आतला संरक्षक भाग लगेच जळतो. १२० व्होल्टचं केस वाळवायचं यंत्र इथे जवळजवळ पावणेचार पट ताकदीने तापतं. ताईने घेऊन दिलेल्या प्रत्येक वस्तूवरची इनपुटची ओळ बॅग भरायच्या आधी तिथेच वाचायला सांगा, परत करायची पावती तिच्याकडेच असते.

कल्याण_स्लो

मिक्सर रद्द. आई दोन दिवस बोलणार नाही बहुतेक. डॉक्टर म्हणाले, तिचं औषध मेशवर चालेल.